पाहुण्या तज्ज्ञांना नवी मुंबई दाखवायची असेल तर

"काका, परवा दोघं येतायत. एक शहरनियोजनवाले आणि एक अर्थतज्ज्ञ बाई. पूर्ण दिवस आहेत. काय दाखवू?"

असा फोन मला वर्षातून चार-पाचदा येतो. कधी एखाद्या कॉलेजातून, कधी कुठल्या सोसायटीच्या सेक्रेटरीचा, कधी ओळखीच्या पोराचा, ज्याला साहेबांनी ऐनवेळी हे काम चिकटवलेलं असतं. मी नियोजनाच्या कचेरीत छत्तीस वर्षं ड्राफ्ट्समन होतो. नकाशे मी काढले, सह्या साहेबांनी केल्या. आणि मूळचा मी करावे गावचा आगरी. म्हणजे ज्या नकाशात मी वस्तीचा पिवळा रंग भरत होतो त्याच्याखाली आमचंच खाजण, खाडीकाठची बांध घातलेली भातजमीन, होतं. शहर आखणारे आणि ज्यांच्यावर आखलं गेलं ते, अशा दोन्ही घरांत माझं जेवणखाण झालेलं आहे. म्हणून लोक मला विचारतात. तेच तेच सांगून घसा बसला, तेव्हा एकदाचं लिहून ठेवतो.

आधी तिथी बघा

तारीख पाहुणे सांगतात. तुम्ही कालनिर्णय उघडून तिथी बघायची. तिथीच्या पाऊणपट वाजता पूर्ण भरती, हा आमच्याकडचा जुना हिशेब. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचार. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावस्या पंधरावी धरली की सव्वाअकरा. खाडीत आत पाणी चढायला अर्धा-पाऊण तास जास्त लागतो, तो मिळवा. पहाटेही भरती, दुपारीही भरती, मध्ये साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक मिळतं, पण तुम्ही बोटांवर हिशेब करून दाखवलात की पाहुणा पहिल्यांदा वहीत काहीतरी लिहितो. तिथून दिवस बरा जातो.

पौर्णिमेपासून द्वितीयेपर्यंतचा कुठलाही दिवस, किंवा अमावस्येनंतरचे दोन. उधाणाचे दिवस. दुपारी बारा ते सव्वादोनच्या मध्ये खाडी काठोकाठ, संध्याकाळी चिखल उघडा. अष्टमी-नवमीला भांग असतो, पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. त्या दिवशी पाहुणे आलेच तर त्यांना मॉलमध्ये न्या, मला फोन करू नका.

हे मी अनुभवाने सांगतोय. एकदा एका संस्थेने चाळीस पाहुणे वातानुकूलित बसमधून आणले. बस निघायला दोन तास उशीर, मग कुठेतरी चहा, मग गटाचा फोटो. नेरूळच्या धारण तलावावर, म्हणजे भरतीच्या वेळी पावसाचं पाणी थोपवणाऱ्या तळ्यावर, पोचलो तेव्हा ओहोटी सुरू होऊन गेलेली. झडप उघडी, पाणी निवांत बाहेर चाललेलं. एका गृहस्थांनी विचारलं, "बोटिंग आहे का इथे?" मी गप्प बसलो. अख्खं शहर ज्या गोष्टीवर कोरडं राहतं ती त्यांना बागेतलं तळं वाटली, आणि चूक त्यांची नव्हती.

म्हणून पाहुणे चारच्या वर नकोत. बस नको. माझा पुतण्या त्याची इको गाडी काढतो, पेट्रोल आणि जेवण यावर. चार पाहुणे, एक दुभाष्या लागला तर, आणि मी. जुने बूट घालून या असं आदल्या दिवशी कळवा. तरी एक जण पांढरे कॅनव्हासचे घालून येतोच.

पहाट: कांदा आला, मंत्रालय नाही आलं

साडेपाचला तुर्भ्याच्या घाऊक बाजारात, भाजीपाल्याच्या गाळ्यांवर. रविवार टाळा. पाहुणे कुरकुरतात, कारण रात्री उशिरा विमानाने उतरलेले असतात. कुरकुरू द्या.

इथे त्यांना आधी पार्श्वभूमी सांगू नका, आधी बाजूला उभं करा. "बाजू, बाजू" करत डोक्यावर गोणी घेऊन माणूस येतो आणि तो थांबत नाही. दोनदा धक्का बसला की पाहुण्याला शहराचा वेग कळतो. मग सांगा, हा माथाडी. अण्णासाहेब पाटलांनी या लोकांची संघटना बांधली आणि 1969 साली महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. रोज वेगळ्या मालकाचं ओझं उचलणाऱ्या माणसाला भविष्यनिर्वाह निधी, बोनस, दवाखाना मिळावा म्हणून मंडळं काढली. मालकाने मजुरी मंडळात भरायची, मंडळाने कामगाराला द्यायची. आज जगभर मोबाइलवर काम घेणाऱ्या डिलिव्हरीवाल्या पोरांचं काय करायचं यावर परिषदा होतात. अर्थतज्ज्ञ बाई असतील तर त्या इथे अर्धा तास हलत नाहीत. हलवू नका.

मग एखाद्या ओळखीच्या आडत्याकडून एक जुनी पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाचा हिशेब, मागून घ्या, शेतकऱ्याचं नाव बोटाने झाकून दाखवा. अर्ध्या पानाचा कागद असतो. वर माल आणि वजन, पुढे भाव, खाली वजावटी: गाडीभाडं, हमाली, तोलाई. तळाला उरलेली रक्कम, दोनदा अधोरेखित. 2016 पर्यंत त्यात आडतसुद्धा, म्हणजे आडत्याची दलाली, कापली जायची; त्या वर्षी फळं-भाज्यांची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराने द्यायची असा नियम झाला. पाहुण्याला सांगा, ही ओळ कुठे गेली ते शोधा. ती कागदावरून गेली खरी, पण भावात कुठे शिरली का, हा प्रश्न त्यांचा त्यांना सुचतो. मला त्यावर मत आहे, पण मी सांगत नाही. तज्ज्ञाला स्वतःला सुचलेला प्रश्न तो घरी नेतो, आपण दिलेला इथेच ठेवून जातो.

आता पार्श्वभूमी. 1965 साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी लिहिलं की मुंबई उत्तरेला लांबत चालली आहे, तिला खाडीपलीकडे पूर्वेला न्या. दोन वास्तुविशारद आणि एक इंजिनीअर. तेव्हा तिशी-चाळिशीतली माणसं. 17 मार्च 1970 ला सिडको, म्हणजे हे शहर वसवणारी राज्य सरकारची कंपनी, स्थापन झाली. त्या तिघांचा मूळ मुद्दा साधा होता: घरं बांधून माणसं येत नाहीत, काम आलं की माणसं येतात. आणि राज्य सरकारने स्वतःचं बिऱ्हाड इकडे हलवावं, म्हणजे बाकीचे मागून येतील. सरकार काही हललं नाही. उलट नरिमन पॉइंटला समुद्रात भराव टाकून मनोरे उठत राहिले. इकडे काय आलं? 1981 ला कांदा-बटाटा आला. मग मसाला, धान्य, आणि 1996 ला भाजी आणि फळं. मंत्रालय आलं नाही, कांदा आला. वाशी उभी राहिली ती कांद्यावर, हे पाहुण्याला इथे, गोण्यांच्या वासात सांगितलं की पटतं. बेलापूरच्या काचेच्या इमारतीत सांगून पटत नाही.

नाश्ता बाजारातच. मिसळ तिखट असते, आधी विचारा.

वाशी स्टेशन: मालक तीन

नऊच्या सुमारास वाशी स्टेशनवर न्या आणि वर बघायला सांगा. स्टेशनच्या डोक्यावर कचेऱ्या आहेत. मानखुर्द ते वाशी लोकल 9 मे 1992 ला सुरू झाली, आणि त्या मार्गाच्या खर्चात 67 टक्के सिडकोचे, 33 टक्के रेल्वेचे. बाहेरचे तज्ज्ञ "लँड व्हॅल्यू कॅप्चर" हा शब्द फार वापरतात. त्यांना म्हणा, तो शब्द इथे प्लॅटफॉर्मवर उभा आहे. सरकारने जमीन घेतली, सिडकोने रस्ते-गटारं-दिवे करून तिचे भूखंड पाडले, साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले, त्या पैशातून पुढचा रस्ता आणि पुढचं स्टेशन. शहराने स्वतःच्या जमिनीवर स्वतःला वाढवलं.

यात घोळ एकच, आणि तो सांगायला विसरू नका, नाहीतर पाहुणा दिवसभर चुकीच्या माणसाला प्रश्न विचारत राहतो. जमिनीचा मालक सिडको. पाणी, कचरा, शाळा, दिवे महापालिकेचे; ती 1992 पासून कारभार बघते. दिघ्यापासून नेरूळपर्यंत ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पूर्वेला कारखान्यांचा पट्टा, तो एमआयडीसीचा. आणि खारघर, कामोठे, कळंबोली नवी मुंबईत धरत असाल तर त्यांची महापालिका पनवेलची, 2016 ला झाली. रिकाम्या भूखंडावर पाणी साचलं तर तक्रार कुठे करायची, यावर आमच्या सोसायटीच्या सभा आजही रंगतात. मी एका कागदावर चार रंगांत हे काढून ठेवलंय, प्रती काढून पाहुण्यांना देतो. ड्राफ्ट्समनची खोड, दुसरं काय. तुम्ही हातानेच काढा, चुकलं तरी चालेल. छापील नकाशा कोणी दुमडून खिशात घालत नाही.

शहराचा पैसा: चहाच्या टपरीवर

स्टेशनबाहेर चहा पिता पिता महापालिकेच्या अंदाजपत्रकाचं जमेचं पान काढा. संकेतस्थळावर असतं, एकच पान छापून न्या. मालमत्ता कर, पाणीपट्टी, विकास शुल्क, आणि जीएसटीचं अनुदान. पाहुणे सगळ्यात मोठ्या आकड्यांकडे बघतात आणि हमखास विचारतात, हे अनुदान कसलं?

तेव्हा सांगा. बाकी शहरांत जकात नाके होते, ट्रकांच्या रांगा लागायच्या. नवी मुंबईने नाक्यांऐवजी उपकर घेतला, व्यापाऱ्याने हिशेब ठेवायचा आणि भरायचा. पुढे एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला. 2017 ला जीएसटी आला, आणि शहरांचं हे स्वतःचं उत्पन्न गेलं. बदल्यात राज्य सरकार दरमहा भरपाई देतं. शहरात धंदा वाढला की तिजोरी आपसूक वाढायची, ती साखळी तुटली. आता धंदा वाढो न वाढो, हप्ता ठरलेला. ब्राझीलच्या कुरितिबाचे माजी महापौर जैमे लर्नर किंवा कोलंबियातल्या बोगोटाचे माजी महापौर एन्रिके पेन्यालोसा यांची नावं पाहुण्यांच्या तोंडी असतात, बसगाड्या आणि फुटपाथ यांच्यासाठी, आणि माणसं मोठीच. पण आपल्याकडे महापौराच्या हातात खर्चाचे अधिकार नसतात, ते आयुक्तांकडे, आणि आयुक्त येतो राज्य सरकारकडून. "तुमचा पेन्यालोसा कोण?" असं एकाने मला विचारलं होतं. मी म्हटलं, पद दाखवा, माणूस शोधू.

बेलापूर: वीस मिनिटं बास

आर्टिस्ट व्हिलेज बघितल्याशिवाय कुठलाही नियोजनवाला परत जात नाही. कोरियांचं काम, ऐंशीच्या दशकातलं. सात घरं एका छोट्या चौकाभोवती, असे तीन चौक मिळून मोठा चौक, आणि भिंतीला भिंत लागलेली नाही म्हणजे प्रत्येकाला आपापलं घर वाढवता यावं. पाहुणे मूळचं कौलारू घर शोधतात, सापडलं की फोटो, आणि वाढवलेल्या तीनमजली घरांकडे बघून हळहळतात. मला ते हळहळणं कळत नाही. वाढवण्यासाठीच बांधलं होतं ना? त्यांना कौलारू घरापुढून उचला आणि वाढवलेल्या घरापुढे उभं करा. खाली क्लास, मध्ये कुटुंब, वर भाडेकरू. वीस मिनिटं. बारा वाजत आलेले असतात.

दुपार: उघाडी

हा दिवसाचा गाभा. बाकी सगळं चुकलं तरी चालेल, इथे वेळेवर पोचा.

नेरूळला पाम बीच रस्त्याच्या कडेला ज्वेल ऑफ नवी मुंबई म्हणून फिरायची जागा आहे. सकाळी लोक फेऱ्या मारतात, म्हातारे हास्यक्लब करतात. ते तळं म्हणजे धारण तलाव. वाशीला मिनी सीशोरजवळही असाच आहे, आणखीही आहेत. पाहुण्याला तलावाच्या खाडीकडच्या तोंडाशी न्या आणि दोन पाणी दाखवा: आतलं खाली, बाहेरचं वर. उधाणाच्या दिवशी बारा-साडेबाराला बाहेरची खाडी चढलेली असते आणि आपण उभे आहोत ती वस्ती तिच्या खाली. हे डोळ्यांनी दिसलं पाहिजे. आकडा सांगायचा तर मुंबईला साडेचार मीटरच्या वर भरती म्हणजे मोठं उधाण. पावसाळ्यात पेपरात तारखा छापून येतात.

तोंडाला लोखंडी झडप असते, वरून बिजागरीवर टांगलेली. खाडीचं पाणी चढलं की त्याच दाबाने झडप मिटते. मोटर नाही, माणूस नाही. त्या वेळात शहरावर जो पाऊस पडेल तो नाल्यांतून तलावात येऊन थांबतो. ओहोटी लागली, बाहेरची पातळी उतरली की आतलं पाणी झडप ढकलून निघून जातं. म्हणून नाव धारण तलाव. दिवसातून दोनदा शहर श्वास कोंडतं आणि सोडतं.

पाहुणे इथे "डच तंत्र" म्हणतात. माहितीपत्रकातही तसंच लिहितात, आणि डचांना यातलं कळतं हे मी नाकारत नाही. पण माझे वडील ज्याला उघाडी म्हणायचे ती हीच. खाजणाच्या बांधात लाकडी फळीचं दार, समुद्राकडे लोंबतं. भरतीला मिटायचं, खारं पाणी भातात शिरायचं नाही. ओहोटीला उघडायचं, पावसाचं जास्तीचं पाणी बाहेर. मी आठ-नऊ वर्षांचा असताना रात्री वडिलांबरोबर कंदील घेऊन जायचो. फळीच्या फटीत पेंढा आणि चिकणमाती ठासायची. खेकडे बांधाला भोकं पाडतात, त्यातलं एक जरी उधाणाला मोठं झालं तरी बांध फुटून खांड पडते, आणि खांड पडली की वर्षाचं भात गेलं, शिवाय जमीन पुढची दोन-तीन वर्षं खारवते. म्हणून खांड दिसली की हाक जायची आणि घरटी एक माणूस फावडं घेऊन बाहेर. कोणाच्या शेताची खांड, असं कोणी विचारायचं नाही, कारण पाणी विचारत नव्हतं.

एका पाहुण्या बाईंनी मला एलिनॉर ऑस्ट्रॉम यांच्याबद्दल सांगितलं. सामायिक पाणी, कुरणं, मासेमारी लोक आपापसात नियम करून कशी राखतात, याच्या अभ्यासाला 2009 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. अर्थशास्त्राचं मिळवणारी पहिली बाई. मी घरी येऊन नातीकडून आणखी वाचून घेतलं. वडिलांना सही करता येत नव्हती, पण बांधाचे नियम तोंडपाठ होते: कोण पेंढा देणार, कोण रात्र काढणार, न आलेल्याने काय भरायचं.

याच बाईंनी आणखी एक केलं. झडपेच्या बाजूच्या दगडी भिंतीवर शेवाळाची एक रेघ असते, तिच्यावर बोट फिरवलं आणि तलावातल्या गाळाकडे बोट दाखवून विचारलं, "हा तलाव पूर्वी किती खोल होता?" हाच खरा प्रश्न. तलावात गाळ भरतो, गाळावर कांदळवन उगवतं. कांदळवन तोडायचं तर उच्च न्यायालयाची परवानगी लागते, आणि ते योग्यच आहे, कारण एरवी भराव टाकणाऱ्यांनी खाडी संपवली असती. पण गाळ काढला नाही तर तलावात पाणी मावत नाही. निसर्ग वाचवायचा की वस्ती, असा सोपा सामना हा नाही. एकाच तळ्यात दोन्ही आहेत. तज्ज्ञाला इथे किमान पाऊण तास द्या आणि त्याला सुचवू द्या. खिशात टेप ठेवा, पाणी किती खाली आहे ते मोजायला मागतात.

डिसेंबर ते मे असेल तर जवळच्या पाणथळीवर रोहित पक्षी बघायला मिळतील. खाडीतला चिखल भरतीखाली गेला की ते पामबीचच्या आतल्या पाणथळींवर येऊन उभे राहतात. ठाणे खाडीचं अभयारण्य 2015 चं, आणि 2022 ला खाडी रामसर स्थळांच्या, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळींच्या, यादीत गेली. पक्षी दिसले की पाहुणे सगळं विसरतात, म्हणून पक्षी नेहमी झडपेनंतर.

जेवण गावात

हॉटेल नको. गावात कोणाच्या घरी सांगून ठेवा आणि पैसे आधी द्या, नंतर ते घेत नाहीत. आमच्याकडे वहिनी करते: तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, मिळालं तर जिताड्याचं कालवण. शाकाहारी पाहुण्याला वालाचं बिरडं. आमची आत्या नव्वदीची, ओट्यावर बसलेली असते. वही काढणाऱ्या पाहुण्याकडे बघून ती मला म्हणाली, "यांना सांग, आदी जेवा, मंग काय त्ये लिवा."

जेवणानंतर गुंठ्यांचा हिशेब मांडा. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतली 95 गावं घेतली. 16 आणि 17 जानेवारी 1984 ला दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरण भागात आंदोलन झालं, गोळीबारात पाच जण गेले. सोळा तारखेला मी कचेरीत टेबलाशी होतो, थोरला भाऊ जासईला. संध्याकाळी तो परत आला तेव्हा आई त्याच्याशी बोलली, माझ्याशी नाही. त्या लढ्यातून साडेबारा टक्क्यांची योजना निघाली: घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत. आता मांडा. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे. साडेबारा टक्के म्हणजे पाच गुंठे. त्यातून सार्वजनिक सोयींसाठी कापून हातात पावणेनऊ टक्के, म्हणजे साडेतीन गुंठे. चाळीसचे साडेतीन. पण ते साडेतीन शहराच्या मधोमध. कोणी बिल्डरला देऊन फ्लॅट घेतले, कोणी लग्नात उडवले, कोणाच्या चार भावांत अजून कोर्टात आहेत. पुढे विमानतळासाठी दहा गावं उठली तेव्हा साडेबावीस टक्क्यांवर गोष्ट गेली. बाहेरचे तज्ज्ञ विचारतात, हा न्याय झाला का? मी त्यांना उत्तर देत नाही. वहिनीकडे बोट करतो, आणि ती भांडी उचलता उचलता जे सांगायचं ते सांगते. दर वेळी वेगळं सांगते.

आणि गल्ल्या दाखवा. गावठाणात वाढती घरं, खाली दुकान, वर भाड्याच्या खोल्या. समोरच्या टॉवरमध्ये काम करणारे वॉचमन, मोलकरणी, डिलिव्हरीवाले राहतात इथे. कागदावर यातली बरीच घरं अनधिकृत. आराखड्यात स्वस्त भाड्याच्या घरांची जागा जिथे राहून गेली तिथे गावांनी ती भरली.

पाणी आणि विमानतळ, जाता जाता

गाडीत बसल्यावर मोरबे धरणाचं सांगून टाका: खालापूरजवळ, महापालिकेने विकत घेतलेलं, दिवसाला 450 दशलक्ष लिटरची क्षमता. कोपरखैरणे आणि ऐरोलीला सांडपाणी आणखी एकदा शुद्ध करून कारखान्यांना देतात, तेही सांगा. प्रत्यक्ष केंद्र बघायचं असेल तर पत्र पंधरा दिवस आधी द्यावं लागतं. विमानतळाचं 8 ऑक्टोबर 2025 ला उद्घाटन झालं म्हणून प्रत्येकाला तिकडे जायचं असतं. उलव्याकडच्या पुलावरून दिसतो तेवढा पुरे. काय बघायचं? उलव्याची टेकडी जिथे होती तिथलं सपाट.

नेता आला तर

तज्ज्ञापेक्षा नेता वेगळा. दुसऱ्या शहराचा महापौर, कुठला आमदार, एखाद्या मंडळाचे अध्यक्ष. त्यांचा फोन वाजत राहतो आणि मागे दहा जण असतात. त्यांना पूर्ण दिवस देऊ नका. दोनच ठिकाणं: झडप आणि गावातला ओटा. आकडा एकच द्या, चाळीसचे साडेतीन. शाल-श्रीफळ संध्याकाळी, आधी केलं तर तिथूनच भाषण सुरू होतं. आणि शक्य असेल तर पंपहाउसवर काम करणारा माणूस गाठून त्यांच्याशी बोलवा, त्याचा फोटो मात्र कुठे टाकू नका. नोकरी त्याची आहे.

तज्ज्ञाकडून निघताना लेखी घ्या. "अहवाल पाठवतो" म्हणतात, येत नाही. मी वहीचं पान पुढे करतो: आज पाहिलेल्यापैकी कुठली एक गोष्ट तुमच्या शहरात करून बघाल, आणि इथली कुठली एक गोष्ट कोणत्या खर्चाने, कोणत्या खात्याने बदलावी? "समावेशक", "शाश्वत" असले शब्द आले तर पान परत देतो. अशी एकोणीस पानं माझ्याकडे आहेत. 2022 ला महापालिकेचा पहिला प्रारूप विकास आराखडा आला आणि हरकती-सूचना मागवल्या, तेव्हा पाणथळी आणि धारण तलावांवरची आमची हरकत यातल्या तीन पानांवरून लिहिली. तुम्हीही लिहिताना सर्व्हे नंबर, सेक्टर, आरक्षणाचा क्रमांक घाला, आणि पोच शिक्क्यासकट घ्या. शिक्का नसलेला कागद नुसता वाचण्यापुरता.

शेवट दिवाळ्याला

सहाच्या सुमारास दिवाळे कोळीवाड्याच्या जेट्टीवर. ओहोटी लागलेली, होड्या चिखलात कलंडलेल्या, चिखलातले निवट्या मासे उड्या मारतायत. मासळी घ्यायची तर मावशीशी भावावरून घासाघीस करू नका, पाहुण्यांनाही करू देऊ नका. कोणी चिखलात उतरायचं म्हटलं तर उतरू द्या, पण हात धरा. पोटरीपर्यंत पाय जातो आणि बूट आत राहतो. पांढरे कॅनव्हासवाला इथेच सापडतो. ओला चिखल पुसायला जाऊ नका, पसरतो. वाळू द्या, मग झटकला की निघतो. गाडीत दोन जोड स्लिपर ठेवा, नऊ आणि दहा नंबरच्या. परदेशी माणसांचे पाय मोठे असतात.